बोर्गनें मैदान कां सोडलें ?

१३ सप्टेंबर १९८१, रविवार. न्यूयॉर्कमधील फ्लशिंग मेडोज येथें अमेरिकेच्या खुल्या टेनिस स्पर्धेचा अंतिम सामना नुकताच संपला होता. जॉन मॅकेन्रो या अमेरिकन खेळाडूनें स्वीडनच्या बियॉन बोर्गचा ४-६, ६-२, ६-४, ६-३ असा पराभव केला होता. आतां रिवाजाप्रमाणें जेत्यानें करंडक उंच धरावयाचा, पराजितानें हंसऱ्या मुद्रेनें चार शब्द बोलावयाचे आणि छायाचित्रकारांसाठीं दोघांनीं शेजारीं शेजारीं उभें राहावयाचें. बोर्ग त्यासाठीं थांबला नाहीं. त्यानें प्रतिस्पर्ध्याचा हात हातांत घेतला, आपलें सामान उचललें, आणि बक्षिससमारंभ होण्यापूर्वींच तो पोलिसांच्या पहाऱ्यांत क्रीडांगणाबाहेर पडला. त्याला ठार मारण्याची धमकी देणारा निनावी टेलिफोन आला होता. त्यामुळें कित्येकांनीं त्याच्या जाण्याचा संबंध त्या धमकीशीं जोडला. परंतु धमकी एका दिवसाची असते. बोर्ग गेला तो कायमचा गेला. विंबल्डन, पॅरिस, न्यूयॉर्क व ऑस्ट्रेलिया या चार मोठ्या स्पर्धांपैकीं एकींतहि तो पुन्हां उतरला नाहीं. त्या दिवशीं त्याचें वय होतें २५.

पंचविसाव्या वर्षीं टेनिसपटूचा खेळ बहरास येतो. तेथें याचा खेळ आटोपला. आणि हा कांहीं उतरणीस लागलेला खेळाडू नव्हता. विंबल्डनचें विजेतेपद त्यानें १९७६ पासून १९८० पर्यंत लागोपाठ पांच वर्षें राखलें होतें. पॅरिसच्या मातीवर तो सहा वेळां विजयी झाला, आणि तेथें त्याला उभ्या कारकीर्दींत दोनच सामने गमवावे लागले. तेहि एकाच माणसापुढें, इटलीच्या आद्रियानो पानात्तापुढें. असा मनुष्य आपला भरलेला डाव उधळून कां उठतो, याचें कोडें लोकांना पुढें कित्येक वर्षें पडलें होतें. त्याचें उत्तर न्यूयॉर्कच्या त्या एका दुपारींत सांपडत नाहीं. त्यासाठीं बऱ्याच मागें, त्याच्या बाळपणापर्यंत जावें लागतें.

स्टॉकहोमच्या जवळ सोडर्टेल्ये नांवाचें एक गांव आहे. बोर्ग तेथें वाढला. वडील रून बोर्ग हे टेबल-टेनिसचे हौशी खेळाडू. एका स्पर्धेंत त्यांना बक्षीस म्हणून टेनिसची रॅकेट मिळाली. त्यांना तिचा उपयोग नव्हता, म्हणून त्यांनीं ती मुलाला देऊन टाकली. मुलगा घराजवळच्या गॅरेजच्या दारावर तासन् तास चेंडू आपटीत बसे. डाव्या बाजूचा फटका तो दोन्ही हातांनीं मारी. ही पद्धत बर्फावरच्या हॉकीची. जाणत्यांनीं नाकें मुरडलीं, पण पोरानें ती सोडली नाहीं. हें सर्व पुढें त्याच्या चरित्रांतून कौतुकानें सांगितलें गेलें. त्या मानानें दुसरी एक हकीकत कमी सांगितली गेली, आणि या विषयांत तीच अधिक महत्त्वाची आहे. हा मुलगा अतिशय तापट होता. रॅकेट फेंकणें, शिव्या देणें, चेंडू रेषेबाहेर पडला तरी आंत पडला म्हणून हटून बसणें, हे त्याचे नित्याचे प्रकार होते. शेवटीं, तो सुमारें बारा वर्षांचा असतांना, त्याच्या क्लबानें त्याला कांहीं महिने खेळण्यास बंदी केली. ज्या पोराला टेनिसवांचून दुसरें कांहीं सुचत नव्हतें त्याला ते महिने कसे गेले असतील याची कल्पना करतां येईल. बंदी उठल्यावर तो परत आला तो तोंडाला कुलूप घालूनच.

जगानें पाहिला तो हा दुसरा बोर्ग. वर्तमानपत्रांनीं त्याला बर्फाचा माणूस म्हटलें. त्याची नाडी सामान्य माणसाच्या निम्म्या गतीनें चालते, अशी एक आख्यायिका पसरली. आपल्याकडे असता तर त्याला स्थितप्रज्ञ म्हणून लोक मोकळे झाले असते. परंतु स्थितप्रज्ञाला राग येतच नाहीं. बोर्गला तो येत होता आणि दिसूं द्यावयाचा नव्हता. या दोन अवस्थांमध्यें फार अंतर आहे.

यापुढचा त्याचा सांभाळ ज्यांनीं केला त्यांचें नांव लेनार्ट बर्गेलिन. १९२१ सालीं जन्मलेले बर्गेलिन हे स्वतः चांगले खेळाडू होते. १९४८ सालीं यारोस्लाव्ह द्रोब्नी याच्या जोडीनें त्यांनीं पॅरिसला दुहेरीचें विजेतेपद मिळविलें होतें. स्वीडनच्या डेव्हिस करंडक संघाची धुरा त्यांच्याकडे असतांना, १९७२ सालीं, त्यांनीं पंधरा वर्षांच्या बोर्गला न्यूझीलंडविरुद्ध खेळावयास उतरविलें. पोरानें ऑनी परुनसारख्या कसलेल्या खेळाडूस हरविलें. शाळा सुटली ती याच सुमारास. तीन वर्षांनीं, १९७५ त, स्वीडननें डेव्हिस करंडक पहिल्यांदाच जिंकला, तेव्हां या गुरुशिष्यांची जोडी सर्वतोमुखी झाली.

गुरु म्हटलें म्हणजे फटके शिकविणारा, अशी सामान्य समजूत असते. बर्गेलिन हे त्याहून कितीतरी अधिक होते. ते त्याचें अंग रगडून देत, त्याची झोंप सांभाळीत, भेटावयास येणाऱ्यांना परत लावीत, टेलिफोन घेत. बोर्गच्या लाकडी रॅकेटींच्या तारा विलक्षण ताणलेल्या असत, सुमारें ८० पौंडांपर्यंत. इतक्या कीं रात्रीं खोलींत ठेवलेल्या रॅकेटीची तार आपोआप तुटे आणि त्या आवाजानें जाग येई. सामन्याच्या आदल्या रात्रीं गुरुशिष्य त्या रॅकेटी एकमेकींवर हलकेच वाजवून त्यांचा सूर पारखीत आणि त्या क्रमानें लावून ठेवीत. सतारीच्या तारा जुळवाव्यात तसा तो सोहळा असे. विंबल्डनच्या पंधरवड्यांत बोर्ग दाढी करीत नसे. इतरहि बरेंच सोंवळें-ओंवळें होतें. आईबापांनीं विंबल्डनला कोणत्या वर्षीं यावयाचें आणि कोणत्या वर्षीं नाहीं, हेंहि त्यांत ठरलेलें असे. हें सारें पोरकट वाटेल, पण ज्याला मनांतली खळबळ बोलून दाखवावयाची नसते त्याला असे आधार लागतात.

आजकालचे खेळाडू शिक्षक बदलतात ते पाहिलें म्हणजे या जोडीचें नवल वाटतें. स्कॉटलंडच्या अँडी मरेनें २०११ च्या अखेरीस इव्हान लेंडलला पांचारण केलें, २०१२ त अमेरिकेचें व २०१३ त विंबल्डनचें विजेतेपद मिळविलें, २०१४ त दोघे वेगळे झाले. मग आमेली मोरेस्मो ही फ्रेंच खेळाडू शिक्षिका झाली, आणि २०१६ त लेंडल पुन्हां आला व विंबल्डनहि पुन्हां हातीं आलें. यांत वावगें कांहीं नाहीं. धंद्यांत वकील बदलतात, वैद्य बदलतात. परंतु बोर्गला बर्गेलिन एकदां लाभले ते शेवटपर्यंत. लाभ मोठाच होता. त्याची दुसरी बाजू अशी कीं, चेंडू मारण्यापलीकडे जगांतलें एकहि काम या तरुणाला स्वतः करावें लागलें नाहीं. सव्विसाव्या वर्षीं तो निवृत्त झाला तेव्हां त्याला जगण्याची संवयच नव्हती, असें म्हटलें तर तें फारसें चुकीचें होणार नाहीं.

त्याच्या संयमाची कसोटी भारतीय खेळाडूनेंहि पाहिली आहे. मद्रासच्या विजय अमृतराजनें १९७४ च्या अमेरिकन स्पर्धेंत त्याला पांच सेटमध्यें हरविलें होतें. पुढें १९७९ सालीं विंबल्डनच्या दुसऱ्याच फेरींत दोघांची गांठ पडली. तोंवर बोर्ग तीन वेळां विंबल्डनविजेता झालेला. अमृतराजनें पहिला सेट ६-२ असा घेतला, तिसराहि ६-४ असा घेतला. चौथा सेट टाय-ब्रेकरपर्यंत गेला. अमृतराज जिंकला असता तर टेनिसचा इतिहास निराळा लिहावा लागला असता. बोर्गनें तो सेट ७-६ असा वांचविला आणि पांचवा ६-२ असा जिंकला. अमृतराजचा देखणा, मोकळा खेळ आणि समोर हूं कीं चूं न करणारा हा लांब केसांचा तरुण. असे सामने त्यानें कितीतरी वेळां हरतां हरतां जिंकले, आणि प्रत्येक वेळीं ‘याला कांहींच कसें वाटत नाहीं?’ हा प्रश्न लोकांनीं कौतुकानें विचारला.

मॅकेन्रो हा याच्या अगदीं उलट. बोर्ग स्थितप्रज्ञ, तर हा दुर्वास. वयानें अडीच वर्षांनीं धाकटा, डावखुरा, मनगटांत जादू, आणि जिभेला हाड नाहीं. १९८१ च्या विंबल्डनमध्यें पहिल्याच सामन्यांत, टॉम गलिक्सन समोर असतां, चेंडूनें खडूची धूळ उडाली कीं नाहीं यावरून त्यानें पंचांच्या नांवानें जो शिमगा केला तो आजहि चित्रफितींतून दाखवितात. त्या वर्षीं तो विंबल्डन जिंकला. परंतु विजेत्यास मानद सभासदत्व देण्याचा क्लबाचा जो प्रघात होता, तो क्लबानें त्याच्यापुरता त्या वर्षीं बाजूला ठेवला. एवढा हा मनुष्य उद्दाम. पण यांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. बोर्ग पलीकडे असला म्हणजे मॅकेन्रो बहुतेक गप्प असे.

याचा खुलासा त्यानें स्वतःच पुढें केला आहे. १९७९ सालीं न्यू ऑर्लिन्स येथें दोघांचा सामना तिसऱ्या सेटमध्यें बरोबरींत आला होता आणि मॅकेन्रोचा तोल सुटला होता. बोर्गनें त्याला खूण करून जाळ्याजवळ बोलावलें. आतां हा आपली खरडपट्टी काढणार, असें त्याला वाटलें. बोर्गनें त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि, एवढें मनावर घेऊं नकोस, सामना फार छान चालला आहे, अशा अर्थाचें कांहींतरी तो बोलला. बस्स, एवढेंच. पंचांच्या ताकिदींनीं आणि दंडाच्या रकमांनीं जें झालें नाहीं तें त्या हातानें केलें. दोघे एकमेकांशीं चौदा सामने खेळले. सात यानें जिंकले, सात त्यानें.

त्यांतला ५ जुलै १९८० चा विंबल्डनचा सामना सर्वश्रुत आहे. मॅकेन्रो मैदानांत आला तेव्हां प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो केली, कारण उपांत्य सामन्यांत त्यानें पंचांशीं वाद घातला होता. चौथ्या सेटचा टाय-ब्रेकर ३४ गुणांचा झाला. त्यांत बोर्गला विजयाची संधि पांच वेळां आली आणि पांचहि वेळां गेली. तो टाय-ब्रेकर मॅकेन्रोनें १८-१६ असा घेतला. अशा वेळीं दुसरा कोणीहि ढांसळला असता. बोर्ग पांचवा सेट ८-६ असा जिंकला आणि हिरवळीवर गुडघे टेंकून बसला. हुर्यो करणाऱ्या त्याच प्रेक्षकांनीं पराजित मॅकेन्रोसाठींहि टाळ्यांचा कडकडाट केला. लोक या सामन्याला बोर्गच्या मनोबलाचा कळस मानतात, आणि तें खरेंहि आहे. परंतु बारा वर्षें झांकून ठेवलेल्या त्या भांड्याला तडा जाण्यास याच सुमारास आरंभ झाला असला पाहिजे. कारण त्यानंतर सहाच महिन्यांनीं एक विलक्षण प्रकार घडला.

१९८१ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें मास्टर्स स्पर्धा चालू होती. पुन्हां तेच दोघे समोरासमोर. एका चेंडूवरून पंचांनीं दिलेला निर्णय बोर्गला पटला नाहीं. तो पंचांच्या उंच खुर्चीपाशीं गेला आणि तेथेंच उभा राहिला. आरडाओरड नाहीं, हातवारे नाहींत; रेषापंचाला विचारा, एवढेंच तो पुन्हां पुन्हां सांगत राहिला आणि खेळावयास परत जाईना. खेळास विलंब केल्याबद्दल त्याचा एक गुण कापला गेला. तरीहि तो हालला नाहीं; दुसरा गुण कापला गेला. पलीकडे मॅकेन्रो उभा राहून हें पाहात होता ! सामना बोर्गनेंच जिंकला, म्हणून या गोष्टीकडे पुढें दुर्लक्ष झालें. पण तेरा वर्षांपूर्वीं क्लबानें घरीं बसविलेला तो पोर त्या खुर्चीपाशीं पुन्हां क्षणभर उभा राहिला होता, असें वाटल्यावांचून राहात नाहीं.

त्याच वर्षींच्या जुलैंत विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत मॅकेन्रोनें त्याला हरविलें. लागोपाठ ४१ सामने जिंकल्यानंतरचा तेथील हा त्याचा पहिला पराभव. त्या दिवसाविषयीं बोर्गनें पुढें जें सांगितलें तें फार बोलकें आहे. हरल्याचें त्याला वाईट वाटलें नाहीं; वाईट वाटत नाहीं याचाच त्याला धक्का बसला. रागावयाचें नाहीं, रडावयाचें नाहीं, असें ज्यानें मनाला वर्षानुवर्षें शिकविलें, त्याचें मन अखेर तो धडा पुरता शिकलें. आतां त्याला जिंकण्याचीहि इच्छा होईना. न्यूयॉर्कचा सप्टेंबरांतला तो रविवार यानंतर दहा आठवड्यांनीं आला.

पुढें जें घडलें त्याचें खापर सामान्यतः एका नियमावर फोडतात. धंदेवाईक टेनिसचा कारभार पाहाणाऱ्या मंडळाचा असा दंडक होता कीं, खेळाडूनें मोठ्या स्पर्धांखेरीज वर्षाकांठीं आणखी दहा तरी स्पर्धा खेळल्या पाहिजेत. न खेळेल त्यानें प्रत्येक ठिकाणीं पात्रताफेरीपासून सुरुवात करावी. १९८२ सालीं बोर्ग सात स्पर्धा खेळावयास तयार होता, दहा नव्हे. मंडळ बधलें नाहीं. त्यामुळें अकरा मोठ्या स्पर्धांचा हा विजेता माँटे कार्लोला नवशिक्यांच्या रांगेंत उभा राहून पात्रताफेरी खेळला, आणि पुढें यानिक नोआपुढें हरला. लास व्हेगासला तर पात्रताफेरींतच तो बाद झाला. त्या वर्षीं पॅरिसला आणि विंबल्डनला तो गेलाच नाहीं. १९८३ च्या जानेवारींत त्यानें निवृत्ति जाहीर केली.

मंडळाची बाजू अगदींच पोकळ नव्हती. १९६८ पूर्वीं विंबल्डनला केवळ हौशी खेळाडू घेत. त्या सालापासून धंदेवाइकांना दार उघडलें, आणि खेळांत पैसा आला तसे प्रदर्शनी सामने भरविणारेहि आले. नामांकित खेळाडू एका संध्याकाळच्या प्रदर्शनी सामन्यांत भरपूर मोबदला घेणार आणि गांवोगांवच्या स्पर्धांना पाठ दाखविणार, असें होऊं लागलें तर त्या स्पर्धांचीं तिकिटें कोणीं घ्यावीं ? हें सर्व मान्य केलें, तरी तीन स्पर्धांच्या फरकासाठीं अशा खेळाडूला पात्रताफेरींत ढकलण्यांत शहाणपण दिसत नाहीं. मात्र बोर्ग त्या नियमामुळें गेला, हेंहि खरें नव्हे. नियम हें जाण्याचें निमित्त झालें. ज्याला जावयाचेंच आहे त्याला उंबऱ्याची ठेंचहि पुरते. रागावण्याची वाट त्यानें लहानपणींच बंद करून टाकली होती. मोकळी राहिली ती एकच, उठून निघून जाण्याची.

म्हणून मॅकेन्रोचें वर्तन बरें होतें असें मात्र ठरत नाहीं. १९८४ सालीं तो ८२ सामने जिंकला आणि तीनच हरला. त्यानंतर मोठ्या स्पर्धेंतील एकेरीचें विजेतेपद त्याच्या वांट्यास पुन्हां आलें नाहीं, आणि गप्प बसविणारा पलीकडे कोणी उरला नव्हता. १९९० च्या जानेवारींत मेलबर्नला, मिकाएल पर्नफोर्स या स्वीडिश खेळाडूविरुद्ध दोन सेट जिंकून पुढें असतांना, त्याला शिवीगाळीबद्दल स्पर्धेबाहेर काढण्यांत आलें. पूर्वीं ताकीद, मग गुण, मग गेम, आणि चौथ्या पायरीवर हकालपट्टी, असा क्रम होता. त्या वर्षापासून पायऱ्या तीनच केल्या होत्या, आणि हें त्याच्या ध्यानांत नव्हतें. पायऱ्या मोजून रागावणारा माणूस हिशोबांत चुकला ! पण तो १९९२ पर्यंत खेळत राहिला. बोर्गनें परत यावें म्हणून त्यानें मनधरणी केली होती; तो आला नाहीं.

आला तो फार उशीरां. १९९१ सालीं माँटे कार्लोला पस्तिशीला टेंकलेला बोर्ग जुनी लाकडी रॅकेट घेऊन उतरला, तेव्हां लाकडी रॅकेट घेणारा त्याच्याखेरीज कोणी उरला नव्हता. सोबत बर्गेलिन नव्हते. होर्दी आर्रेसे या स्पॅनिश खेळाडूनें त्याला ६-२, ६-३ असें सहज हरविलें. पुढें रॅकेट बदलली, पण १९९३ पर्यंतच्या त्या पुनरागमनांत त्याला एकहि सामना जिंकतां आला नाहीं. मधल्या वर्षांत त्याचा धंदा बुडाला होता, संसार मोडला होता. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत त्या काळांतल्या मादक द्रव्यांच्या व्यसनाची त्यानें स्वतःच कबुली दिली आहे. २००६ सालीं त्यानें विंबल्डनचे करंडक लिलांवास काढले, तेव्हां जुन्या सोबत्यांनीं त्याला विरोध केला; मॅकेन्रोनें तर टेलिफोन करून, तुझें डोकें फिरलें आहे काय, असें विचारल्याचें सांगतात. करंडक विकले गेले नाहींत. बर्गेलिन २००८ सालीं वारले.

पुढें या दोघां प्रतिस्पर्ध्यांना एक निराळें काम मिळालें. २०१७ सालीं लेव्हर करंडकाची स्पर्धा सुरू झाली, तेव्हां युरोपच्या संघाचा नायक बोर्ग आणि उर्वरित जगाच्या संघाचा नायक मॅकेन्रो, अशी योजना झाली, आणि २०२४ पर्यंत ती चालली. नायकाला येथें मैदानाशेजारीं बसून खेळाडूशीं बोलतां येतें. बर्गेलिन यांच्या वेळीं प्रेक्षकांत बसलेल्या शिक्षकानें नुसती खूण केली तरी तो नियमभंग होई. आतां १ जानेवारी २०२५ पासून शिक्षकानें बाहेरून सूचना देण्यास टेनिसच्या सर्वसाधारण नियमांतच मुभा मिळाली आहे. बोर्ग मात्र नायकाच्या खुर्चींतहि फारसें बोलत नसे.

२३ सप्टेंबर २०२२ च्या रात्रीं लंडनमध्यें याच स्पर्धेंत ४१ वर्षांचा रॉजर फेडरर आपला अखेरचा सामना खेळला. दुहेरीचा सामना, जोडीला राफाएल नादाल. मध्यरात्र उलटल्यावर सामना संपला, दोघे हरले. मग फेडरर रडूं लागला, शेजारीं बसलेला नादालहि रडूं लागला. फेडररची बायको, मुलें, आईबाप मैदानांत आलीं, गाणें झालें, सहकाऱ्यांनीं त्याला खांद्यावर उचलून घेतलें. कोणालाहि घरीं जाण्याची घाई नव्हती. युरोपच्या निळ्या पोषाखांतल्या त्या घोळक्यांत पांढऱ्या केसांचा त्यांचा नायक होता, ६६ वर्षांचा बियॉन बोर्ग, आणि समारंभ संपेपर्यंत तो तेथेंच थांबला.